मॉडेल बरोबर, हॉल चुकला

कर्वेनगरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने स्वतःचं सभागृह बांधायचं ठरवलं, तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. नोकरी म्हणजे कर्वे रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावरचं छोटं ऑफिस, तीन संगणक, एक प्रिंटर आणि सर. सर काही वर्षं परदेशात राहून आले होते, आणि ते दर वाक्यात नसलं तरी दर परिच्छेदात यायचं. आमचा धंदा असा, की एखादी गोष्ट प्रत्यक्ष बांधण्याआधी ती संगणकात बांधायची आणि ती कशी वागेल हे गणिताने सांगायचं. शेडचं छप्पर वाऱ्यात टिकेल का, पाइपातून हवा कशी जाईल, अशी कामं. त्याला मॉडेल म्हणतात. घरी कुणाला हे नीट कळलं नव्हतं. माझ्या मावशीने तिच्या नातवाच्या शाळेसाठी माझ्याकडे थर्मोकोलचा ज्वालामुखी मागितला होता.

मंडळाचं काम आवाजाचं होतं. रिकाम्या खोलीत बोललं की घुमतं, तीच खोली सामानाने आणि माणसांनी भरली की घुमत नाही, हे घर बदललेल्या प्रत्येकाला माहीत असतं. सभागृहात आवाज किती वेळ घुमत राहील, शेवटच्या रांगेत शब्द कळतील का, हे बांधकामाच्या आधी सांगायचं होतं. गाण्याला थोडं घुमणं बरं, भाषणाला कमी बरं. मंडळाला दोन्ही उत्तम हवं होतं.

पहिल्या बैठकीला अध्यक्ष, कार्यवाह बाई आणि कार्यकारिणीतले आठ-दहा जण होते. अध्यक्ष कॉलेजातून उपप्राचार्य म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा आवाज भरदार होता आणि तो भरदार आहे याची त्यांना पूर्ण कल्पना होती. कार्यवाह बाई निवृत्त मुख्याध्यापिका. बाकीचेही कशातून ना कशातून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे वेळेवर हजर.

अध्यक्षांनी सरळ विचारलं, "शेवटच्या रांगेत गाणं स्वच्छ ऐकू येईल का? हो की नाही?"

"येईल," सर म्हणाले.

मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "किती माणसं आली आहेत त्यावर ते अवलंबून आहे."

अध्यक्षांनी कप आवाज करत बशीत ठेवला.

"म्हणजे आमच्या कार्यक्रमांना माणसं येणार नाहीत, असं आपलं म्हणणं आहे?"

"तसं नाही. माणसं आवाज शोषून घेतात. भरलेला हॉल वेगळा वाजतो, रिकामा वेगळा. दोन्ही तपासायला हवेत."

"आमचा हॉल रिकामा राहणार नाही. तेव्हा रिकामा तपासण्याचं कारण नाही."

"मग अर्धा?"

"ताई, आमच्याकडे अर्ध्यालाही रिकामाच म्हणतात."

'मॉडेलमध्ये सभागृह पूर्ण भरलेले धरावे' असा ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं आणि तो एकमताने मंजूर झाला. पुढे मी बरीच मॉडेलं पाहिली. त्यातलं ठरावाने मंजूर झालेलं गृहीतक हे एकच.

मॉडेल करणं म्हणजे मुख्यतः काय काय सोडून द्यायचं ते ठरवणं. खिडक्यांचे गज सोडले, दिवे सोडले, पंखे सोडले. राहिल्या त्या सपाट भिंती, छत, जमीन आणि खुर्च्यांचा एक जाडसर थर. प्रत्येक पृष्ठभागाला एक आकडा द्यायचा, तो किती आवाज गिळतो त्याचा. हे आकडे सरांनी परदेशातून आणलेल्या एका तक्त्यात होते. त्यात प्रेक्षकांचीही एक ओळ होती. प्रेक्षक, गादीच्या खुर्चीत, हिवाळी कोटासह.

"सर, आपल्याकडे कोट नसतात," मी म्हणाले.

"मग काय असतं?"

"सुती साडी. झब्बा. डिसेंबरात स्वेटर, शाल आणि माकडटोपी. पावसाळ्यात मांडीवर ओला रेनकोट."

सरांनी क्षणभर विचार केला. "सगळ्याची सरासरी कोटाइतकीच येईल," ते म्हणाले आणि फोन घ्यायला गेले.

अशा रीतीने कर्वेनगरच्या रसिकांना मी कोट घातले.

पहिला अहवाल मी मराठीत लिहिला, कारण मंडळाचा तसा आग्रह होता. त्यात एका प्रकरणाचं नाव 'प्रेक्षकांकडून होणारे शोषण' असं होतं. कार्यवाह बाईंनी लाल पेनाने त्याखाली दोन रेघा मारून अहवाल परत पाठवला. समासात लिहिलं होतं, 'आमचे मंडळ अशा आरोपांस पात्र नाही. शब्द बदलावा.' मी शब्द बदलला. मजकूर त्यांनी वाचला नव्हता, पण ऱ्हस्वदीर्घाच्या सगळ्या चुका काढल्या होत्या. वेलांट्यांची इतकी कसून पडताळणी झालेला अहवाल मी नंतर पाहिला नाही.

पडताळणी हा शब्द सरांचा लाडका होता. नवीन माणूस ऑफिसात आला की सर त्याला फळ्यासमोर उभं करून सांगायचे, "पडताळणी वेगळी आणि खातरजमा वेगळी. आपण जे गणित मांडलं ते संगणकाने नीट सोडवलं का, ही पडताळणी. ती ऑफिसात बसून करता येते. पण मांडलेलं गणित खऱ्या जगाशी जुळतं का, ही खातरजमा. तिला उठून बाहेर जावं लागतं." सांगायचे फार सुंदर. स्वतः मात्र उठून कुठे जायचे नाहीत.

मी पडताळणी केली. चार भिंतींचा एक साधा चौकोनी डबा संगणकात बांधला, कारण त्याचं उत्तर कागदावर हातानेही काढता येतं. हाताचं उत्तर आणि संगणकाचं उत्तर जवळजवळ सारखं आलं. म्हणजे आमचा प्रोग्राम गणितात चुकत नव्हता, एवढंच त्यातून कळत होतं. सरांनी ती दोन उत्तरं शेजारी शेजारी मोठ्या अक्षरांत छापून मंडळापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे पाहा, तंतोतंत."

"वा," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे हॉल उत्तम होणार."

सरांनी ते खोडून काढलं नाही.

त्याच बैठकीत आम्ही हॉलची रंगीत चित्रं दाखवली. आवाज जिथे चांगला पोचतो तिथे हिरवा, मध्यम तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. चित्रं बराच वेळ हातोहात फिरली. शेवटी एका सभासदांनी गंभीरपणे सांगितलं, की बाकी सगळं ठीक आहे, पण मागच्या कोपऱ्यांना लाल रंग देऊ नये, भडक दिसेल. त्यावर दुसऱ्या सभासदांनी पिस्ता सुचवला. चर्चा रंगली. रंग भिंतीचा नाही हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी मला सांगण्यात आलं, की ताई, रंगाचं आम्ही बघतो, तुम्ही आवाजाचं बघा.

मग मी माझा आलेख काढला. ठराव झाला असला तरी मी अर्ध्या आणि रिकाम्या हॉलचं गणित करून ठेवलं होतं. कोटाऐवजी सुती कपडे धरून एकदा, शाली धरून एकदा, प्लास्टरचा आकडा थोडा इकडे आणि थोडा तिकडे करून अनेकदा. सगळी उत्तरं एकत्र मांडली, की एक रेष उरत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना जाड पट्टा तयार होतो. तो मी राखाडी रंगात छापला होता.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं.

"आपल्याला जे नक्की माहीत नाही, ते यात आहे. खरं उत्तर या पट्ट्यात कुठेही असू शकतं."

"कुठेही?"

"हो. बहुतेक मधल्या भागात, पण कडेलाही असू शकतं."

अध्यक्षांनी कागद टेबलावर ठेवला. "ताई, आम्ही पैसे रेषेचे दिले आहेत. पट्ट्याचे नाही."

माझे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. तयार मालातले काही नग फोडून बघायचे आणि त्यावरून उरलेल्यांबद्दल अंदाज करायचा, असं त्यांच्या खात्याचं काम होतं. मला वाटलं, हे उदाहरण पटेल. मी म्हणाले, "माझे वडील सांगतात, जे फोडून पाहिले ते चांगले होते, एवढंच खात्रीने माहीत असतं. उरलेल्यांबद्दल नुसता अंदाज."

मला अपेक्षित होता तसा परिणाम झाला नाही. कार्यवाह बाईंनी पदर सारखा केला. अध्यक्ष म्हणाले, "आपले वडील काय फोडतात तो सरकारचा प्रश्न आहे. इथे गाणं होणार आहे."

खाली रस्त्यावर आल्यावर सर म्हणाले, "तो पट्टा काढून टाक."

"का, सर?"

"त्यांना वाटेल, आपल्याला माहीत नाही."

"आपल्याला माहीत नाहीच आहे."

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला?"

पट्टा सरांनी स्वतःच काढला. मी तोंड पाडून बसले होते म्हणून असेल, त्यांनी मला एक सवलत दिली. खातरजमा करायला परवानगी.

मंडळाचे कार्यक्रम तोवर एका शाळेच्या प्रार्थना हॉलमध्ये व्हायचे. माझी योजना साधी होती. त्या हॉलचं मॉडेल करायचं, आकडा काढायचा, मग प्रत्यक्ष तिथे माणसं बसवून मोजायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. मोजायची पद्धतही सोपी. स्टेजवर मोठा फुगा फोडायचा आणि त्याचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते यंत्रावर नोंदवायचं. अट एकच, फुगा फुटल्यावर काही सेकंद कुणी काही बोलायचं नाही.

ही अट पुण्यात घालणं हेच चुकीचं गृहीतक होतं.

रविवारी सकाळी मंडळाचे शंभरेक सभासद आले. बटाटेवडे ठेवले आहेत असं कळवलं होतं. माइकची व्यवस्था बघायला मंडळाचे नेहमीचे माइकवाले आले होते. रास्ता पेठेत तीन पिढ्यांचं दुकान, माणूस अतिशय नेटका, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होती, मी खडकीची असल्यामुळे ते अवघड नव्हतं. मी यंत्र मांडत असताना ते शेजारी उभं राहून बघत होते.

"बाई, हे सगळं कशासाठी?"

"आवाज मागपर्यंत पोचेल का ते आधी कळावं म्हणून."

"नाही पोचला तर मी दोन स्पीकर वाढवतो. तरी नाही पोचला तर चार." त्यांनी शांतपणे सांगितलं. "माझे वडीलही असंच करायचे." त्यांच्या घराण्यात अनिश्चिततेला पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होतं, आणि त्याचं भाडं मिळत होतं.

कार्यवाह बाईंनी स्टेजवरून सूचना दिली, "फुगा फुटेल. कुणीही बोलायचं नाही. खोकायचं असेल त्यांनी आत्ता खोकून घ्यावं." शंभर माणसं खोकली. मग मी पहिला फुगा फोडला.

"जरा लहान वाटला," तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले.

दुसरा फोडला. "हा बरा होता," तेच गृहस्थ.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली नजर होती ती. ते गप्प झाले. तिसऱ्या फुग्याच्या वेळी त्यांच्या शेजारणीने विचारलं, "आता का नाही बोललात?" चौथ्या फुग्याला मागून कुणीतरी पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली आणि ती उघडायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. पाचव्याला अध्यक्षांनी स्वतः उठून शांततेचं महत्त्व सांगायला सुरुवात केली, फुगा फुटून अर्धा सेकंद झाला असताना. वड्यांचा वास येऊ लागल्यावर मात्र लोक खरोखर शांत झाले आणि शेवटचे दोन-तीन फुगे वापरण्याजोगे निघाले.

आकडे जुळले नाहीत. मॉडेल म्हणत होतं त्यापेक्षा आवाज बराच जास्त वेळ घुमत होता. कोट नव्हते, गाद्या नव्हत्या, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या होत्या. मला उलट आनंद झाला. इतके दिवस मी जे म्हणत होते ते यंत्राने म्हटलं होतं. मी कागद घेऊन सरांकडे गेले.

सरांनी ते बघितले, माझ्या संगणकासमोर बसले आणि प्लास्टरचा आकडा थोडा कमी केला. गणित चालवलं. अजून थोडा कमी केला. मग खुर्च्यांचा. दुपारपर्यंत मॉडेलची रेष मोजलेल्या आकड्यांवर बरोबर जाऊन बसली.

"झाली खातरजमा," सर म्हणाले.

"सर, तुम्ही उत्तर बघून आकडे बदलले. आता ते जुळणारच."

"जुळलं की नाही?"

"पण हे याच हॉलपुरतं आहे. नव्या हॉलबद्दल यातून काय कळलं?"

"हे कळलं, की आपलं मॉडेल मोजमापाशी जुळतं." त्यांनी हे वाक्य इतकं सरळ चेहऱ्याने म्हटलं, की मला वाटतं त्यांचाही त्यावर विश्वास बसला असावा. अहवालात तेच छापलं गेलं. माझं नाव मी त्यावर घालू दिलं नाही. कुणाला फरक पडला नाही. बाईंनी फक्त 'खातरजमा' स्त्रीलिंगी आहे याची आठवण करून दिली.

मग हॉल बांधला गेला, आणि बांधताना तो सुधारला गेला. आम्ही मॉडेलमध्ये गादीच्या खुर्च्या धरल्या होत्या. मंडळाने कडक फायबरच्या घेतल्या, कारण गादीत ढेकूण होतात आणि व्याख्यानाला लोक झोपतात. मागची भिंत आम्ही लाकडी भुशाच्या सच्छिद्र फळ्यांची सांगितली होती, म्हणजे स्टेजवरून गेलेला आवाज तिथे मुरावा. एकदा सहज साइटवर गेले तर त्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत चकचकीत ग्रॅनाइट बसवणं चाललं होतं. त्यावर देणगीदारांची नावं कोरलेली होती.

मी अध्यक्षांना फोन केला. "अहो, ती भिंत आवाज शोषण्यासाठी होती. दगडावरून तो सगळा परत येईल."

"ताई, लोकांनी देणग्या दिल्या आहेत. त्यांची नावं काय भुशावर लिहू?"

"दुसऱ्या भिंतीवर लिहा. बाहेर लिहा."

"बाहेर पाऊस लागतो. आणि आत मागच्या भिंतीवर असली, की कार्यक्रम संपवून जाताना सगळ्यांना वाचायला मिळतात." मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "संगणकाने एकदा हो म्हटलं आहे ना? मग झालं."

उद्घाटनाला प्रवेश मुक्त होता आणि जेवण होतं. हॉल भरला, पायऱ्यांवर लोक बसले. मी धास्तावून मागे उभी होते आणि आश्चर्य म्हणजे सगळं छान ऐकू येत होतं. ईशस्तवन स्वच्छ, भाषणं स्वच्छ. कारण लक्षात यायला मला अर्धा कार्यक्रम लागला. देणगीदारांच्या भिंतीचं अनावरण शेवटी व्हायचं होतं, म्हणून तिच्यावर जाड मखमली पडदा सोडलेला होता. वर माणसं खचाखच. आम्ही गृहीत धरलेला हॉल त्या संध्याकाळी दोन तास कर्वेनगरात अस्तित्वात होता.

अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं, "संगणकाचं भाकीत आज शब्दशः खरं ठरलं आहे." सरांना शाल मिळाली. ते माझ्या कानाशी म्हणाले, "बघ. तू उगाच पट्टे काढत बसतेस." नंतर पडदा बाजूला झाला, टाळ्या वाजल्या आणि टाळ्या जरा जास्तच वाजल्यासारख्या वाटल्या. पण तोवर लोकांचं लक्ष जेवणाकडे गेलं होतं.

पुढचा कार्यक्रम तिकीट लावून होता. पुण्यात तिकीट लावणं हा प्रेक्षकांच्या संख्येवर केलेला एक प्रयोगच असतो. साठ-सत्तर लोक आले आणि पाचशे खुर्च्यांमध्ये एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब बसले. गायिका बाहेरगावच्या, वयस्क, नावाजलेल्या. त्यांनी पहिला आलाप घेतला आणि तो मागच्या ग्रॅनाइटवर जाऊन, नावं वाचून, परत आला. विलंबितात कसंबसं निभावलं. द्रुत सुरू झालं तशी तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येऊ लागली. तबलजी गोंधळून मागे बघायला लागले. चाचांनी कर्तव्यबुद्धीने आवाज वाढवला, तेव्हा थापा तीनदा ऐकू आल्या.

गायिकेने हात वर करून तबला थांबवला. तंबोरे चालू होते. त्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या भिंतीचा गळा चांगला आहे, पण ती समेवर उशिरा येते. तिला रियाज सांगा."

लोक हसले. हसणंही परत आलं, त्यामुळे पुन्हा हसले. गायिकेने उरलेलं गाणं माइक बंद करून, पहिल्या दोन रांगांत सगळ्यांना बोलावून केलं. फार सुंदर झालं ते. मीही पुढे जाऊन जमिनीवर बसले होते आणि तासभर मला कुठलाही आकडा आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाने आम्हाला बोलावलं.

"तुमचं मॉडेल चुकलं," अध्यक्ष म्हणाले.

"मॉडेल बरोबर आहे," सर म्हणाले. "हॉल चुकला आहे."

हे वाक्य मी त्यानंतर कित्येक ऑफिसांत, वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं. पण इतक्या निर्मळपणे ते कुणी म्हटलं नाही. सरांना खरंच असं वाटत होतं, की आपण एक निर्दोष हॉल दिला होता आणि लोकांनी त्याच्यासारखा हॉल न बांधून अन्याय केला.

"आम्ही मॉडेलप्रमाणेच बांधलं."

"मॉडेलमध्ये ग्रॅनाइट नव्हता, गाद्या होत्या."

"मॉडेलमध्ये पाचशे माणसंही होती," मी म्हणाले. "काल नव्हती."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. त्या माणसाने आयुष्यभर कर्वेनगरात गाणी, व्याख्यानं घडवून आणली होती, आणि लोक येत नाहीत ही गोष्ट त्याला आमच्या आधीपासून माहीत होती. ठराव त्यांनी आमच्यासाठी केला नव्हता. पण ते वाईट वाटणं टिकलं नाही, कारण ते लगेच म्हणाले, "हा दोष तिकीटविक्री समितीचा आहे. ती आवाजाची बाब नाही."

मी रात्री केलेलं नवं गणित पुढे ठेवलं. ग्रॅनाइट धरून, फायबर धरून, विरळ माणसं धरून. यावेळी पट्टा मी निळा छापला होता. कालचा आवाज बरोबर त्याच्यात बसत होता.

"हे आधी का नाही दाखवलं?" अध्यक्षांनी विचारलं.

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"दाखवलं होतं," मी म्हणाले. "पट्ट्याचे पैसे दिले नाहीत म्हणालात."

"तेव्हा राखाडी होता," ते म्हणाले. "राखाडी रंगात काही कळत नाही."

उपाय मी सांगितला. उद्घाटनाला होता तसा जाड पडदा त्या भिंतीवर कायमचा लावा. देणगीदारांत खळबळ माजली. नावं झाकायची असतील तर देणग्या परत करा, असं म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी कार्यवाह बाईंनी मार्ग काढला, पडदा सरकता असावा, गाण्याच्या वेळी ओढावा आणि एरवी उघडा ठेवावा. पण कार्यक्रमाला एखादा देणगीदार सहकुटुंब आला, की तो आधी मागे जाऊन आपल्या नावापुरता पडदा बाजूला करायचा. त्यामुळे हॉलचा आवाज त्या दिवशी कुठला देणगीदार आला आहे त्यावर ठरू लागला. हे गणितात कसं धरायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हळूहळू गाणी बंदच झाली आणि हॉल लग्नामुंजींना भाड्याने जाऊ लागला. तिथे मात्र तो उत्तम चालतो. खच्चून माणसं, जरीच्या साड्या, शालू, फुलांच्या माळा, मंडपाचं कापड. आवाज शोषायला हवं ते सगळं असतं. ऐकणारं कुणी नसतं. चाचांच्या मुलाने तिथे कायमचे आठ स्पीकर बसवले आहेत.

सरांनी आमच्या माहितीपत्रकात त्या हॉलचा फोटो 'यशस्वी प्रकल्प' म्हणून छापला. फोटो उद्घाटनाचा होता. मी काही महिन्यांनी नोकरी सोडली. भांडण झालं नाही. सरांनी निरोपाला पेढे आणले आणि परदेशातली एक आठवण सांगितली.

नंतर मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. हाच विषय, म्हणजे मॉडेल, पडताळणी, खातरजमा. तिथे मला कुणी ठराव करून अडवत नाही, म्हणून मी मुलांकडून प्रत्येक उत्तराला पट्टा काढून घेते. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी एक मुलगी वही घेऊन आली. ती आसपासच्याच गावची, हुशार, आणि तिचा पट्टा वर्गात सगळ्यांत नीट निघालेला.

"मॅडम, परीक्षेत उत्तर एकच सांगायचं हाय, का पट्टा काढायचा हाय?"

"बाहेरचे परीक्षक कुठले आहेत?"

"पुण्याचे हायेत."

वर्षभर शिकवलेलं सगळं एका बाजूला होतं आणि तिचे मार्क दुसऱ्या बाजूला.

"एकच सांग," मी म्हणाले. "आणि ठासून सांग."

तिने ठासून सांगितलं. परीक्षकांनी तिला पुढे काही विचारलं नाही.